भिंतीवरची वाटी

१

सरुबाईंना मेक्सिको आवडावा म्हणून त्यांना इगतपुरीला आणलं होतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. सरुबाईंचा एकुलता एक मुलगा हर्षल सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात साहेब होता. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी मेक्सिकोतल्या कारखान्यात पाठवत होती. बायको योगिनी बरोबर जाणार हे ठरलेलंच होतं. अडलं होतं ते आईपाशी. सोमवारी एक फॉर्म भरून द्यायचा होता आणि त्यात 'सोबत कोण कोण येणार' अशी एक ओळ होती.

"एकटीला मी तुला ठेवणार नाही," हर्षल म्हणायचा. "एकतर आमच्याबरोबर चल, नाहीतर नांदगावला मामाकडं जा. फ्लॅट बंद ठेवू."

"माझं घर बंद ठेवणारा तू कोण?" सरुबाई म्हणायच्या.

घर गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. ते सरुबाईंच्या नवऱ्यानं, खंडेरावांनी, हौसेनं घेतलं आणि दोनच दिवाळ्या बघून ते गेले. पुढची अकरा वर्षं सरुबाईंनीच ते राखलं. कोणत्या खिडकीला कधी ऊन येतं, कोणता नळ किती पिळला की गळायचा थांबतो, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

मेक्सिकोबद्दल त्यांनी एकच गोष्ट विचारली होती. "शेजार कसा हाय तिथला?"

"एकदम शांत, आई. कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नसतं."

"म्हंजी शेजारच नाय," सरुबाई म्हणाल्या आणि विषय संपवला.

तेव्हा योगिनीनं ही शक्कल काढली. इगतपुरीच्या पलीकडं धरणाच्या फुगवट्याला कोणा हौशी माणसानं 'प्लाया मेहिको' नावाचा रिसॉर्ट काढला होता. ट्रक भरभरून वाळू आणून पाण्याच्या कडेला पसरलेली, तिच्यावर गवताच्या छत्र्या, दोन झाडांना बांधलेल्या झोळ्या, आणि मेक्सिकोसारखे म्हणे हुबेहूब व्हिला. तीन दिवस तिथं राहिलं की आईंची भीड चेपेल, असा तिचा हिशेब होता.

सरुबाईंनी एक नंबरच्या व्हिलात पाऊल टाकलं. भिंतीवर परातीएवढी टोपी टांगलेली होती. न्हाणीघर त्यांच्या माहेरच्या ओसरीपेक्षा मोठं होतं. दारात मात्र कुंड्यांमधून ओळीनं निवडुंग लावलेलं.

"आमच्या नांदगावला हे कुंपणाला लावत्यात," त्या म्हणाल्या. "जनावरं येऊ नये म्हणून. इथं माणसं यावी म्हणून लावलं का?"

योगिनी हसली. हर्षलनं बॅगा आत नेल्या. शुक्रवार होता, दुपारचे बारा वाजले होते, आणि तोवर सगळं ठीक होतं.

२

जेवायला टाको आले. सरुबाईंच्या मते तो दुमडलेल्या पापडात घातलेला उसळीचा प्रकार होता, आणि पापड मऊ पडला होता. मुलगा-सून वाळूत जाऊन पडली. ज्या उन्हाला आपण छत्री धरतो त्या उन्हात ही दोघं मुद्दाम उताणी का पडतात, हे बघवेना म्हणून सरुबाई मागच्या दारी गेल्या.

कोणत्याही घराची खरी ओळख मागच्या दारी होते. इथं छोटीशी फरशी होती, कपडे वाळत घालायची दोरी होती आणि पलीकडं कमरेएवढी भिंत. भिंतीच्या त्या अंगाला दोन नंबरच्या व्हिलाचं मागचं दार.

भिंतीवर एक स्टीलची वाटी होती. वर ताटली झाकलेली.

सरुबाईंनी ताटली उचलली. शेवग्याच्या शेंगांची आमटी. वाफ निघत होती.

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. गंगापूर रोडला समोरच्या दारी जुनी माणसं होती तोवर अशी वाटी आठवड्यातून दोनदा यायची. आता तिथं जे राहायला आलं होतं ते दार फक्त पार्सलवाल्याला उघडायचं. आणि इथं, या परातीच्या मुलखात, कोणा माउलीनं ओळख ना पाळख, नवीन माणसं आली म्हणून आमटी पाठवली होती!

"अवो, कोन हाय?" त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "मिळाली बरं का आमटी!"

दोन नंबरच्या बंद दारामागून नुसता भांडी घासल्याचा आवाज येत होता. तीन घासे, मग जरा थांबणं. पुन्हा तीन घासे. कामात असेल बिचारी.

आमटी अगदी घरच्यासारखी होती. फक्त मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच.

"इसरली असंल," सरुबाई म्हणाल्या. टाकोबरोबर आलेली मिठाची पुडी फोडून त्यांनी वाटी संपवली. मग धुतली, पुसली, आणि घरून आणलेला चिवडा तिच्यात भरला. शेजारची वाटी रिकामी द्यायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची, पण रिकामी द्यायची नाही. हे त्यांना आईनं शिकवलं होतं, आणि योगिनीला त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला होता.

वाटी भिंतीवर ठेवताना त्यांना दिसलं की आधी ती जिथं होती तिथं पाण्याचं गोल वळं उमटलं होतं. भर उन्हात ते वाळलं नव्हतं.

३

शनिवारी सकाळी वाटी पुन्हा भिंतीवर. या वेळी चिवडा.

सरुबाईंना आधी वाटलं की आपलाच परत आला, आणि त्या दुखावल्या. पण वाटीतला चिवडा गरम होता. खोबऱ्याचे काप आडवे होते, त्या स्वतः कापतात तसे. शेंगदाणे साल काढून, अर्धे करून. तीळ अगदी शेवटी घातलेले. ही त्यांची रीत त्यांनी सख्ख्या जावेला सांगितली नव्हती. चव घेतली. अगदी त्यांचाच हात.

मीठ तेवढं नव्हतं.

आता इथं दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. पण सरुबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, शेजाऱ्यांवर होता. बाई हुशार आहे, त्यांनी मनाशी ठरवलं. चव बघून रीत ओळखणाऱ्या बायका असतात. आणि तिला बीपी असणार.

"बीपी हाय का वो तुम्हाला?" त्यांनी भिंतीपलीकडं विचारलं.

घासण्याचा आवाज थांबला. कोणीतरी ऐकतंय असं वाटलं. मग पुन्हा तीन घासे.

ऐकून घेणारी शेजारीण लाभणं म्हणजे भाग्यच. सरुबाईंनी खुर्ची ओढली, भिंतीला टेकवली, आणि अकरा वर्षांचं साचलेलं सांगायला घेतलं. खंडेराव कसे गेले, सून चांगली आहे पण भाजीला पाणी फार घालते, हर्षलला लहानपणी कशी गोवराची आग होत होती, मेक्सिकोचं खूळ कुठून निघालं. बाजरीची खिचडी खाऊन वर्ष झालं, हेही सांगितलं. मधेमधे तीन घासे यायचे, 'हं, हं' म्हटल्यासारखे.

तासाभरानं सोमा तिथं आला. हा जवळच्याच पाड्यावरचा, रिसॉर्टची झाडं बघायचा. चाळिशीतला, मोजकं बोलणारा गडी. मागच्या सावलीत बसून भाकरी खायची त्याची रोजची जागा होती.

"मावशे, कोनासंगं बोलू राहिली?"

"दोन नंबरवालीसंगं."

"दोन नंबरमधी कोन नाय. तो अजून चालूच केला नाय."

"मंग भांडी कोन घासू राहिलं?"

सोमानं कान दिला. आवाज थांबला होता. त्यानं कमरेची किल्ली काढली आणि दोन नंबरचं मागचं दार उघडून दाखवलं. आत सोफे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. गॅसची शेगडी नाही. नळ फिरवला तर नुसती हवा फुसफुसली. फरशीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत मोरीजवळ पाटाएवढी जागा तेवढी स्वच्छ होती. ओली होती.

"पाड्यावरची कोनी बाई येत असंल," सरुबाई म्हणाल्या. "लाजत असंल. तू तिला बोलू नको बरं."

सोमा वाटीकडं बघत होता. "त्यात मीठ व्हतं का?"

"नाय बाई. अळणी."

सोमानं आपला डबा उचलला आणि पार तिकडं फाटकापाशी, उन्हात जाऊन जेवायला बसला. सरुबाईंना त्याचं वागणं जरा विचित्र वाटलं. पण गड्यामाणसांचं काय, त्यांना बायकांच्या गप्पांचा कंटाळाच असतो.

४

शनिवारी दुपारी चार वाजता बाजरीची खिचडी आली.

सरुबाई वाटीकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. योगायोग असेल. थंडीचे दिवस आहेत, बाजरी सगळ्यांच्याच घरी असते. शिवाय आपण सकाळी बोललो होतो आणि तिनं ऐकलं होतं, मग त्यात योगायोग तरी कशाला? ऐकलं आणि केली. घरोबा म्हणतात तो हाच. कुठं शिजवली हा प्रश्न त्यांच्या मनात आला. तो त्यांनी खिचडीच्या पहिल्या घासाबरोबर गिळला.

पंचाईत पुढं झाली. वाटी धुतली आणि त्यांच्या लक्षात आलं की परत भरायला काहीच नाही. चिवडा संपला होता, लाडू हर्षलनं फस्त केले होते. स्वयंपाकघराच्या खणात शोधाशोध केली. चहाबरोबर ठेवलेल्या दोन पुड्या निघाल्या, त्याही साखर नसलेल्या साखरेच्या.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पुड्या वाटीत ठेवून त्या भिंतीपाशी गेल्या. काही द्यायला नसलं की निदान तोंड तरी गोड ठेवावं, एवढं प्रत्येक बाईला कळतं.

"रागावू नका बरं," त्या म्हणाल्या. "इथं परमुलखात काही नाय माझ्याकडं. तुम्ही असं करा, घरीच या ना आमच्या. नाशकाला, गंगापूर रोडला. भाजीबाजाराच्या पुढं पिवळी बिल्डिंग हाय, खाली झेरॉक्सचं दुकान. तिसरा मजला, लिफ्टच्या उजव्या हाताला. दारात तुळस हाय. लाजायचं नाय, परकं समजायचं नाय. आपलंच घर समजा."

घासणं थांबलं.

मग पलीकडून एक बारीक आवाज आला, ओले हात पदराला पुसल्यासारखा. एकदा डावा, एकदा उजवा. आणि मग काहीच नाही. संध्याकाळपर्यंत सरुबाई तीनदा मागच्या दारी जाऊन आल्या. वाटी भिंतीवरून गेली होती, पण आवाज नव्हता.

"गेली वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांना करमेना.

५

रविवारी सकाळी नऊ वाजता भिंतीवर वाटी होती. पण ही ती वाटी नव्हती.

ही जाड होती, जुनी, काठ जरा आत वळलेली. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं. सरुबाईंनी चष्मा लावला नाही. लग्नात त्यांच्या मामानं दिलेली वाटी ओळखायला त्याची गरज नव्हती.

'चि. सौ. कां. सरूस, मामाकडून. नांदगाव, १९७६.'

आत फोडणीचे पोहे होते. गरम.

"योगिनी," त्यांनी हाक मारली. आवाज आपला आहे की नाही असं त्यांना वाटलं. "तू घरून माझी वाटी आणली होती का?"

योगिनी बाहेर आली. "नाही आई. फ्लॅट बंद ठेवायचा म्हणून तुमची सगळी भांडी मी गुरुवारीच पोत्यात बांधून माळ्यावर टाकली." बोलता बोलता तिनं नाव वाचलं. "अगंबाई. ही इथं कशी?"

हर्षलनं तोंडात ब्रश ठेवूनच तीन कारणं सांगितली. एक, तशीच दुसरी वाटी असेल. दोन, आईनंच पिशवीत टाकली असेल आणि विसरली असेल. तिसरं ब्रशमुळं कळलं नाही.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" योगिनी म्हणाली. "मनीषाला फोन लावते. ती आत्ता झाडांना पाणी घालायलाच गेली असेल."

मनीषा त्यांच्याकडं कामाला होती. फ्लॅटची एक किल्ली तिच्याकडं असायची. फोनवर तिचा चेहरा दिसला, मागं सरुबाईंचं स्वयंपाकघर.

"मनीषा, माळ्यावर भांड्यांचं पोतं आहे ना, तेवढं बघ गं. बांधलेलं आहे का?"

"पोतं? ते तर खाली काढलंय, ताई. सगळी भांडी मांडणीवर लागली परत."

"कोणी काढलं?"

"आजींनी. काल रात्रीच आल्या म्हने त्या एकट्या." मनीषा आवाज खाली करून म्हणाली, "ताई, तुमचं काही भांडण झालं का? जास्ती बोलत नाय त्या. नुसतं काम करू राहिल्या. आन मला मिठाची बरणी देऊन टाकली, घरी ने म्हने. डॉक्टरनं बंद केलं का मीठ?"

सरुबाईंनी फोन योगिनीच्या हातातून घेतला. पण मनीषानं तोवर फोन वळवला होता. "थांबा, बोला ना त्यांच्याशीच. आजी, ओ आजी! ताईंचा फोन हाय!"

मोरीपाशी पाट होता. पाटावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगावर निळ्या काठाचं सुती पातळ होतं, सरुबाई गुरुवारी दोरीवर वाळत घालून आल्या होत्या ते. अंबाडा तेवढाच, तिथंच. फरशीभर पाणी पसरलं होतं आणि उजवा हात हलत होता. तीन घासे. थांबणं. तीन घासे.

हाक ऐकून हात थांबला. ओला हात पदराला पुसला गेला. आणि मान हळूहळू वळायला लागली.

कान दिसला. कानातली कुडी दिसली. गाल दिसायच्या आत सरुबाईंनी लाल बटण दाबलं.

६

हर्षलनं ब्रश काढला आणि चौथं कारण सांगितलं. मनीषानं चुकून एखादा जुना व्हिडिओ लावला असेल. त्याचा त्या कारणावर इतका विश्वास बसला की तो पोहे खायला लागला. पहिल्या घासाला थांबला. "मीठ कुठंय?"

योगिनीनं वाटी त्याच्या हातातून हिसकावली आणि पोहे निवडुंगाच्या कुंडीत टाकले. ज्या बॅगा भरायला तिला गुरुवारी अख्खा दिवस लागला होता त्या तिनं दहा मिनिटांत भरल्या.

सरुबाई मागच्या फरशीवर उभ्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती. घराचा पत्ता आपणच दिला. खाणाखुणांसकट दिला. आणि आता आपल्या मांडणीवर कोणी दुसरीच बाई भांडी लावत होती, खंडेरावांच्या फोटोखालून ये-जा करत होती, आणि चांगली नीटनेटकी लावत होती, हे जास्त झोंबत होतं. त्यांना एकदम संताप आला.

"आई," हर्षल मागून म्हणाला, "उद्या फॉर्म द्यायचाय. मला वाटतं, आता तरी आमच्याबरोबर..."

"तुझ्या फॉर्मवर लिही, आई येत नाय," सरुबाई म्हणाल्या. "मेक्सिकोला नाय, नांदगावला नाय. माझं घर हाय ते. मी तिथंच ऱ्हानार."

फाटकापाशी हात करून त्यांची गाडी थांबवत सोमा खिडकीशी आला. "मीठ त्याला चालत नाय, मावशे," एवढंच तो म्हणाला. आपल्या डब्यातून खड्याच्या मिठाची पुडी काढली आणि सरुबाईंच्या हातात दिली. सरुबाईंनी ती मामाच्या वाटीत ओतली. काठोकाठ भरली. सबंध रस्ताभर त्यांनी ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली, आणि घोटीच्या पुढं हर्षलनं गतिरोधकावर गाडी उडवली तेव्हा त्याला अशी शिवी दिली की तो नाशकापर्यंत गप्प बसला.

पिवळ्या बिल्डिंगपाशी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. हर्षल डिकी उघडायला उतरला. योगिनी म्हणाली, "आई, थांबा, आपण सगळे मिळून जाऊ." पण सरुबाई तोवर लिफ्टमध्ये होत्या. सगळे मिळून गेलो आणि आतली पोरांशी आधी बोलली, तर? तर पोरं कोणाला आई म्हणतील? हा विचार त्यांना लिफ्टच्या आरशात स्वतःकडं बघताना सुचला, आणि मग त्यांनी आरशाकडं पाठ केली.

तिसरा मजला. उजवा हात. तुळशीला कोणीतरी पाणी घातलं होतं. मनीषाच्या चपला नव्हत्या, ती मीठ घेऊन घरी गेली असावी. दारापुढं रांगोळी काढलेली होती, सुबक, सरुबाईंची रोजची. आतून खमंग फोडणीचा वास येत होता. भूक लागल्याचं त्यांना त्या अवस्थेतही जाणवलं आणि स्वतःचा राग आला.

किल्ल्या हर्षलच्या खिशात राहिल्या होत्या.

सरुबाईंनी मिठाची वाटी छातीशी धरली, पदर खोचला, आणि घसा साफ केला. काय बोलायचं ते लिफ्टमध्येच ठरवलं होतं. 'बाई, पाहुणचार झाला, आता निघा.' एवढंच. शेजारधर्मानं, पण ठणकावून. मग कोपरानं त्यांनी आपल्याच घराची बेल दाबली.

आत भांडी घासणं थांबलं.

कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणत उठलं. उजवं पाऊल दमदार, डावं जरा ओढत. स्वयंपाकघरातून बाहेरची खोली. खोलीत मधेच थांबणं, खुर्चीच्या पाठीला धरून दम खाणं. मग पुन्हा पावलं.

"आले, आले," आतून आवाज आला. सरुबाईंचा.

आपण दार उघडायला किती वेळ लावतो, हे सरुबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.